दुधाचा दात हलू लागल्यावर घरी काय करावे आणि काय टाळावे

माझ्या थोरल्या मुलीचा पहिला हलता दात मी स्वतः ओढून काढला होता. तो जेमतेम आठवडाभर हलत होता, दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता आणि ऐन कार्यक्रमात दात पडून रडारड होऊ नये, एवढाच माझा विचार होता. हातात आलेल्या दाताच्या खालच्या बाजूला मुळाचा बारीक, टोकदार भाग शिल्लक असलेला पाहिला, तेव्हा तो दात अजून पडायला तयारच नव्हता हे माझ्या लक्षात आले. रक्त थांबायला अर्धा तास लागला. त्याहून वाईट म्हणजे, पुढचा दात हलू लागल्याचे तिने आमच्यापासून जवळजवळ तीन आठवडे लपवून ठेवले. ती एकाच बाजूने चावते आहे हे जेवताना दिसले, तेव्हा कुठे ते उघड झाले. धाकट्याच्या वेळी मी हात आवरला आणि त्याचा एकही दात ओढावा लागला नाही. या दोन अनुभवांतून आणि मधल्या काळात दंतवैद्यांना विचारलेल्या अनेक प्रश्नांतून जे समजले, ते या प्रसंगाला पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या पालकांसाठी क्रमाने मांडत आहे.

१. दात पडण्याचे वय झाले आहे का, ते आधी पाहा

दुधाचे दात एकूण २० असतात. त्यांपैकी पहिला दात बहुतेक मुलांमध्ये वयाच्या ६ वर्षांच्या आसपास पडतो. एखाद्याचा पाचव्या वर्षी पडतो, तर एखाद्याचा सात पूर्ण झाल्यावर, आणि या दोन्हींत काळजीचे काही नसते. ज्या क्रमाने दात आले, साधारण त्याच क्रमाने ते पडतात. आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, त्यानंतर त्यांच्या शेजारचे. हे आठ दात आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पडून जातात आणि मग बरेच महिने काहीच घडत नाही. त्यानंतर ९ ते १२ या वयात सुळे आणि दाढा पडतात. मधल्या या शांततेत अनेक पालकांना उरलेले दात अडकून बसले आहेत की काय अशी शंका येते. ती बाळगण्याचे कारण नाही.

दात पडण्याचे वय झालेले नसताना दात हलत असेल, तर मात्र त्याचे कारण शोधले पाहिजे. चार वर्षांच्या आत दात आपोआप हलू लागणे नेहमीचे नाही. तसेच पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे हलू लागलेला दात हा वेगळाच विषय आहे, आणि त्याला या लेखातील घरगुती पायऱ्या लागू होत नाहीत. त्याबद्दल दहाव्या मुद्द्यात लिहिले आहे.

२. दात का हलतो, हे मुलाला समजावून सांगा

मुलाच्या दृष्टीने हा विलक्षण प्रकार असतो. शरीराचा एक घट्ट भाग अचानक सैल होतो आणि मोठी माणसे तर हसत असतात. म्हणून औषधे आणि गॉज यांच्या आधी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. दुधाच्या दाताच्या खाली, जबड्याच्या आत पक्का दात तयार होत असतो. तो वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळून शरीरात शोषले जाते; मूळ संपले की दाताला धरून ठेवणारी फक्त हिरडी उरते, आणि मग तो डुगडुगू लागतो. आमच्या धाकट्याला हे सांगितल्यावर त्याने ‘म्हणजे खालचा दात वरच्याला ढकलतो’ असा स्वतःचा अर्थ लावला. तो शास्त्रशुद्ध नसला तरी त्याची भीती घालवायला पुरेसा होता.

ही गोष्ट पालकांनीही लक्षात ठेवावी, कारण योग्य वेळी पडलेला दात उलटा करून पाहिला तर त्याला मूळ नसते. खालून तो एखाद्या पोकळ टोपणासारखा दिसतो, त्याच्या कडा किंचित खरखरीत असतात आणि मधल्या खळगीत लालसर ठिपका असतो. हे पाहून ‘मूळ आत तुटून राहिले’ असे समजून रात्री धावाधाव करणारे पालक थोडेथोडके नाहीत. मूळ नसणे हीच चांगली खूण आहे.

३. जवळ ठेवण्याच्या वस्तू आणि माहिती

यांतील बहुतेक वस्तू घरात असतातच. फक्त त्या एका डब्यात एकत्र ठेवाव्यात, कारण दात नेमका झोपायच्या वेळी पडतो.

- निर्जंतुक गॉजचे तुकडे. कापूस वापरू नये. त्याचे तंतू जखमेला चिकटतात.
- मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश.
- लहान टॉर्च आणि हातात धरायचा आरसा.
- पडलेला दात ठेवण्यासाठी झाकणाची छोटी डबी. मुलाला तो जपून ठेवायचा असतो, आणि दंतवैद्यांना दाखवायची वेळ आली तर तो सापडलाही पाहिजे.
- कोणता दात कधी हलू लागला आणि कधी पडला, याची तारखेसह नोंद.
- मुलाचे आजार, सुरू असलेली औषधे, औषधांची ॲलर्जी आणि सध्याचे वजन लिहिलेला कागद, व त्यासोबत दंतवैद्यांचा फोन क्रमांक.

तारखांची वही मला सुरुवातीला निरर्थक वाटली होती. प्रत्यक्षात ‘हा दात किती दिवसांपासून हलतो आहे?’ हाच दंतवैद्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि आमच्याकडे ‘बरेच दिवस झाले’ याखेरीज उत्तर नव्हते.

४. दात किती हलतो ते ओळखा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मी चुकलो तो इथेच. ‘दात हलतो’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत दात जिभेने ढकलला की पुढे-मागे जरासा सरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही, मुलालाच जाणवते. ही अवस्था काही आठवडे, कधीकधी दोन-तीन महिनेही चालते. दुसऱ्या अवस्थेत तो डावी-उजवीकडेही हलतो आणि चावताना मध्ये येऊ लागतो. तिसऱ्या अवस्थेत दात जवळजवळ आडवा होतो, स्वतःभोवती थोडा फिरतो, आणि हिरडीच्या एखाद्या कडेला नुसता लोंबत असतो.

तपासण्यासाठी हात स्वच्छ धुवा, मुलाला उजेडात बसवा आणि दाताच्या टोकाला बोटाने अलगद स्पर्श करून तो कोणत्या दिशांना जातो ते पाहा. मूल ‘दुखतं’ म्हणाले की तिथेच थांबा. दुखणे याचा अर्थ दाताची खालची पकड अजून सुटलेली नाही. पहिल्या दोन अवस्थांत पालकांनी करण्यासारखे काम एकच असते, ते म्हणजे वाट पाहणे. मुलाने स्वतःच्या जिभेने दात हलवत राहण्यास हरकत नाही. त्याला कितपत जोर लावायचा हे आपल्यापेक्षा चांगले कळते, कारण दुखण्याच्या आधी ते आपोआप थांबते.

५. मधल्या दिवसांतील खाणे, घासणे आणि दुखणे

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कडक पदार्थ पुढच्या दातांनी तोडायला लावू नका, लहान फोडी करून दाढांनी चावायला द्या, आणि चिकट पदार्थ काही दिवस टाळा.

घासण्याचा मुद्दा मात्र अनेकांच्या नजरेतून निसटतो. दात हलतो म्हणून मूल त्या बाजूला ब्रश लावत नाही. चार-पाच दिवसांत सैल दाताच्या भोवती अन्नाचे कण साचतात, हिरडी लाल होऊन सुजते, ब्रश लागला की रक्त येते, आणि मग ‘दात दुखतो’ अशी तक्रार सुरू होते. दुखत असते ती हिरडी, दात नव्हे. उपाय म्हणजे घासणे चालू ठेवणे. मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन, दुसऱ्या हाताच्या बोटाने हलत्या दाताला मागून हलका आधार देऊन, हिरडीच्या कडेवर छोटी गोल वळणे घेत दिवसातून दोनदा घासावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या घासण्यावर मोठ्यांचा हात असावाच लागतो. हलत्या दाताच्या दिवसांत तर अधिकच.

थोडीशी ठसठस होत असेल, तर गार पाण्याचा घोट किंवा गार ओला स्वच्छ कपडा हिरडीवर धरणे पुरेसे ठरते. त्याने भागत नसेल, तर डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. त्यातून रेज सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. हिरडी बधिर करणारी जेल आणि लवंगेचे तेल यांचीही गरज नसते. लवंगेच्या तेलाने नाजूक हिरडी भाजल्यासारखी होते आणि ते पोटात गेल्यास लहान मुलाला विषबाधा होऊ शकते. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ हा समज इथे महागात पडतो.

६. दात काढण्यास मदत करायचीच असेल तर

दोन अटी पूर्ण झाल्या असतील तरच पुढे जा: दात तिसऱ्या अवस्थेत आहे, आणि मूल स्वतः ‘काढा’ म्हणते आहे. मुलाला रक्त न गोठण्याचा आजार असेल, रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, हृदयाचा विकार असेल किंवा कर्करोगावर उपचार चालू असतील, तर या अटी पूर्ण होत असल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू नका.

मुलाला खुर्चीवर ताठ बसवा. आडवे झोपवले तर सुटलेला दात घशाकडे घसरू शकतो. हात साबणाने धुवा. दात लाळेने निसरडा असतो, म्हणून तो गॉजच्या तुकड्यात धरा. मग ओढू नका. हलकेच दाबून किंचित पुढे कलवा आणि अलगद वळवा. वेळ आलेली असेल, तर तो पिकलेल्या फळासारखा हातात येतो आणि मुलाला बहुधा कळतही नाही. एक-दोन हलक्या प्रयत्नांत आला नाही, तर सोडून द्या आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा.

दाराच्या कडीला दोरा बांधून दार ढकलणे, पकड वापरणे, ‘फक्त बघतो’ असे सांगून झटका देणे, हे प्रकार टाळावेत. पहिल्या दोहोंनी हिरडी फाटू शकते किंवा न विरघळलेले मूळ तुटू शकते. तिसऱ्या प्रकाराने होणारे नुकसान हिरडीत दिसत नाही. ते माझ्या मुलीच्या त्या तीन आठवड्यांच्या लपवाछपवीत दिसले. पुढे आणखी एकोणीस दात पडायचे असतात आणि प्रत्येक वेळी तिने तोंड उघडून दाखवायला हवे असते.

७. रक्त थांबवणे

दात पडल्यावर थोडे रक्त येते. ते लाळेत मिसळून पसरल्यामुळे आहे त्याहून कितीतरी जास्त दिसते, आणि मूल त्या रंगालाच घाबरते. म्हणून आरसा अशा वेळी दूरच ठेवावा. गॉजची छोटी घडी करून ती दाताच्या रिकाम्या जागेवर ठेवा आणि मुलाला ती दाबून धरायला सांगा, किंवा तुम्ही बोटाने दाबा. घड्याळ लावून १० मिनिटे ती अजिबात उचलायची नाही. माझ्या मुलीचे रक्त अर्धा तास थांबले नाही, याला घाईने काढलेल्या दाताइतकाच माझा उतावीळपणाही कारणीभूत होता: ‘थांबले का’ हे पाहण्यासाठी मी दर मिनिटाला गॉज उचलत होतो आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी दर वेळी निघून येत होती.

रक्त थांबल्यावर त्या दिवशी जोरात चूळ भरणे, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे. काही तास गरम पदार्थ देऊ नयेत. रिकाम्या जागेत बोट किंवा जीभ घालण्याचा मोह मुलांना आवरत नाही, पण निदान बोट तरी रोखावे. नीट दाबून धरूनही अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. मुळाचा तुकडा आत राहिल्याचे दिसले, तर तो सुई किंवा चिमट्याने उकरू नका. असा लहान तुकडा बहुधा आपोआप शोषला जातो किंवा वर येऊन पडतो. सूज आली तर दाखवावे.

८. दात गिळला गेला तर

जेवताना दात घासाबरोबर पोटात जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो आणि त्यासाठी काहीही करावे लागत नाही. मुलाला दुःख असते ते डबी रिकामी राहिल्याचे. मात्र दात पडल्याच्या सुमारास मुलाला अचानक ठसका लागून खोकला थांबेनासा झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर दात श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

९. मागून दुसरा दात दिसू लागला तर

खालच्या पुढच्या दातांमागे, जिभेच्या बाजूला, दुसरा दात डोकावताना दिसला की पालकांचा धीर सुटतो. दातांच्या दोन रांगा दिसतात आणि मूल आयुष्यभर असेच राहणार असे वाटू लागते. खालचे पक्के दात मुळात दुधाच्या दातांच्या किंचित मागेच तयार होत असतात, त्यामुळे असे घडणे अगदी सामान्य आहे. पुढचा दुधाचा दात हलत असेल, तर मुलाला तो जिभेने हलवत राहायला सांगा; तो पडल्यावर जिभेच्या दाबाने मागचा दात हळूहळू पुढे सरकतो. पुढचा दात मुळीच हलत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नसेल, तर तो काढावा लागतो का हे दंतवैद्य ठरवतील. वरच्या दातांबाबत मात्र लवकर दाखवलेले बरे, कारण तिथे जिभेची अशी मदत मिळेलच असे नाही.

१०. दंतवैद्यांकडे केव्हा जावे

हिरडीवर पू भरलेला फोड आला, गाल सुजला किंवा सुजेबरोबर ताप आला, तर तो नेहमीचा हलता दात नव्हे. तो बहुधा किडलेल्या दाताचा संसर्ग असतो आणि त्याला त्याच दिवशी दाखवावे लागते. वयाची ८ वर्षे होत आली आणि एकही दात हललेला नाही, अशा वेळी एक्स-रे काढून खाली पक्के दात आहेत की नाहीत हे पाहता येते. दुधाची दाढ किडीमुळे वेळेच्या बरीच आधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्क्या दाताची वाट अडते. म्हणून ती जागा राखणारे छोटे उपकरण बसवावे का, हे न विसरता विचारा.

मार लागून दुधाचा दात पूर्ण निखळला, तर तो पुन्हा जागेवर बसवू नये, कारण त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. पक्का दात निखळला, तर मात्र नेमके उलटे. त्याचे मूळ न चोळता तो वरच्या भागाने उचलावा, मळला असेल तर क्षणभर पाण्यात धरून लगेच जागेवर बसवावा, ते शक्य नसेल तर दुधात ठेवावा आणि तातडीने दंतवैद्यांकडे न्यावा. यात एकेक मिनिट मोलाचे असते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात, म्हणून कोणते पडून पुन्हा आले आहेत याची तिसऱ्या मुद्द्यातील वही इथे खरोखर उपयोगी पडते.

११. नवा दात आल्यावर

रिकाम्या जागेत नवा दात दिसायला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. तो शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा मोठा आणि पिवळसर दिसतो, आणि घासण्यात कुचराई झाली म्हणून मुलाला बोलणी बसतात. तो रंग पक्क्या दाताचा स्वाभाविक रंग आहे; दुधाचे दात अधिक पांढरे असल्यामुळे तो शेजारी उठून दिसतो, एवढेच. त्याच्या कडेवर करवतीसारखे तीन बारीक उंचवटे असतात, तेही वापराने झिजून जातात.

सर्वांत मोठी फसगत होते ती तोंडाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, वर आणि खाली मिळून चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडलेला नसल्यामुळे पालक त्यांना दुधाच्याच समजतात आणि ‘पडणारच आहेत’ म्हणून त्यांच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. त्या पक्क्या दाढा असतात आणि त्यांच्या जागी पुन्हा दुसऱ्या येत नाहीत. पूर्ण वर येईपर्यंत त्या शेजारच्या दाढांपेक्षा खाली राहतात, त्यामुळे नेहमीसारखा ब्रश फिरवला तर तो त्यांच्यावरून नुसता निघून जातो. मुलाला तोंड अर्धेच मिटायला सांगा, म्हणजे गाल सैल पडतो. मग ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत सरकवून फक्त त्या एका दाढेवर दहा-बारा वेळा फिरवा, आणि टॉर्च लावून तिच्या खाचांत काही अडकले आहे का ते पाहा.